औषधाची खरी किंमत



सातपुड्यातील आमच्या दवाखान्याच्या औषधसाठ्याचा हिशेब माझ्याकडे आला, त्या पहिल्याच वर्षी सवलत पाहून मी इन्सुलिनच्या गरजेपेक्षा जास्त कुप्या मागवल्या. पुढे मुदत संपली म्हणून त्यांतल्या बऱ्याच टाकाव्या लागल्या. त्या तुमच्या दानातून आल्या होत्या. तेव्हा मिळालेला धडा आज तुमच्यापुढे मांडते.

एक साधा हिशेब करू. 100 रुपयांची कुपी सवलतीत 90 ला मिळते. 100 कुप्यांचे झाले 9,000 रुपये. त्यांतल्या 20 वाया गेल्या, तर वापरलेली प्रत्येक कुपी 112 रुपये 50 पैशांना पडली. सवलत कुठे राहिली?

यावर आम्ही तीन नियम पाळतो.

1. आधी आलेले नव्हे, तर ज्याची मुदत आधी संपते ते औषध आधी वापरायचे. ते कपाटात पुढे ठेवायचे.

2. मागणी गरजेवरून ठरवायची. महिन्याला 12 कुप्या लागतात आणि माल यायला 15 दिवस जातात, तर 6 कुप्या त्या काळासाठी व 6 राखीव. साठा 12 वर आला की मागणी पाठवायची. पावसाळ्यात रस्ते बंद होतात, म्हणून जूनपूर्वी राखीव साठा वाढवायचा.

3. फ्रिजचे तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचे. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहिले पाहिजे. एकदा गोठले की ते वितळल्यावरही वापरता येत नाही.

सर्पदंशावरील लसीला मात्र वेगळे माप लावावे लागते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर तीच चालते, आणि विषबाधा झालेल्या रुग्णाला सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या लागतात. ती वाया गेली तर पैसे जातात. नसली तर माणूस जातो. म्हणून दोन रुग्णांपुरती लस आम्ही कायम ठेवतो. द्रवरूप लसीला फ्रिज लागतोच, भुकटीची लस फ्रिजबाहेर थंड जागीही टिकते. म्हणून भुकटीचीच घेतो. मुदत संपायला सहा महिने उरले की ती जास्त रुग्ण येणाऱ्या रुग्णालयाला देऊन बदल्यात नवी मागतो.

तुम्हांला एक विनंती. औषधे पाठवण्यापूर्वी काय हवे ते आम्हांला विचारा आणि मुदतीची तारीख पाहा. दिलेली प्रत्येक कुपी कुणाच्या तरी उपयोगी पडावी, एवढीच इच्छा.