कळ आली की आवाज खाली ने

अगं, तुला आठवा लागला, तेव्हा आता हे सांगायलाच हवं. बाळंतविड्याचं आणि डिंकाच्या लाडवांचं सांगायला घरात पुष्कळ जणी आहेत. आवाजाचं कुणी सांगणार नाही, कारण बाळंतपणात बाईचा आवाज बाहेर ऐकू जाणं आपल्याकडे लाजेचं मानतात. माझी उभी नोकरी लेबर रूममध्ये गेली. कळा सोसायला बाईजवळ जे जे असतं, त्यात तिचा गळा फार कामाचा, हे मी रोज पाहिलं आहे.

ऐन भरात दहा मिनिटांत तीन-चार कळा येतात आणि एकेक कळ साधारण मिनिटभर टिकते. ती चढायला लागली की बाई आपसूक दातावर दात आवळते, खांदे कानाशी नेते, श्वास कोंडते. मग तो कोंडलेला श्वास किंकाळी होऊन सुटतो. चार किंकाळ्यांत घसा सोलून निघतो. वर भराभरा श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. पहिलटकरीण त्यानंच जास्त घाबरते, आणि घाबरलेल्या अंगाला पुढची कळ जड जाते.

म्हणून कळेची चाहूल लागली की नाकानं श्वास घे, जबडा सैल सोड आणि खालच्या पट्टीत 'आऽऽ' किंवा 'ओऽऽ' लाव. छातीवर तळहात ठेव, तिथे थरथर जाणवली की सूर बरोबर लागला. मोठा आवाज नको, लांब हवा. श्वास संपेपर्यंत जाऊ दे, मग दुसरा घे. असे पाच-सहा सूर झाले की ती कळ ओसरलेली असते. तिसऱ्या सुराला दुखणं शिगेला पोचतं, पण आता उतारच आहे हे तुला ठाऊक असतं, आणि त्या ठाऊक असण्याचा आधार फार मोठा असतो. जात्यावरच्या बायका एका श्वासात बसेल एवढी ओवीची ओळ म्हणत जड दगड फिरवायच्या, तसंच हे.

आपण सगळ्याच 'आई गं' म्हणून ओरडतो. ओरड की! फक्त 'ई'वर जोर देऊ नकोस. 'ई' म्हणताना ओठ ताणले जातात, दात जवळ येतात, आवाज वर चढतो. 'आ' लांबव, तोंड आपोआप उघडं राहतं.

हे मला शिकवलं आमच्या वॉर्डातल्या एका जुन्या आयाबाईंनी. एखादी पोर खाटेची दांडी पांढरी बोटं होईपर्यंत आवळून किंचाळत असली की त्या काही बोलायच्या नाहीत. तिच्या कानापुढे, जबड्याच्या सांध्यावर दोन्ही अंगठे अलगद ठेवायच्या आणि स्वतःच खर्जात 'हूंऽऽ' सुरू करायच्या. एक-दोन कळा जायच्या. मग त्या पोरीचा आवाज नकळत त्यांच्या आवाजापाशी उतरायचा आणि दांडीवरची पकड सुटायची. पुढे अमेरिकेतल्या टेनेसीत सुईणपण करणाऱ्या आयना मे गास्किन यांचं वाचलं. तोंड-जबडा सैल तर खालचं अंगही सैल, असं त्या सांगत आल्या आहेत. आयाबाईंनी ते पुस्तकाशिवाय ओळखलं होतं.

पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं आणि खाली जोर यायला लागला की आवाज आपणच बदलतो, कुंथल्यासारखा जाडसर होतो. तो अडवू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या सूचनाही सांगतात, की बाईनं अंगातून येईल तसा जोर द्यावा. दुखणं कमी करणारं एपिड्यूरल इंजेक्शन घेतलं असेल तर तो जोर नीट कळत नाही, तेव्हा सिस्टर सांगतील तसं कर. डोकं दिसायला लागलं आणि 'आता थांब' म्हणाले, की तोंड उघडं ठेवून छोटे छोटे 'हा, हा, हा' श्वास सोड. डोकं हळू बाहेर आलं तर फाटण्याची भीती कमी.

सूर लावून दुखणं जात नाही, ते सोसवतं. नाहीच सोसवलं तर दुखणं कमी करायचं औषध माग, त्यात कमीपणा कसला? कुणाला गप्प राहूनच बरं वाटतं, तेही चालेल. मात्र अंगावरून रक्त जाऊ लागलं, पाणी हिरवट गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सूरबीर काही नको. थेट दवाखाना, गाडी नसेल तर 108.

आणि 'गप्प बस' म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. कळा देणाऱ्या बाईला दरडावायचा हक्क कुणालाच नाही.

आजपासून रोज रात्री झोपताना दहा सूर लाव, सोबत येणारीलाही शेजारी बसव. ऐन वेळी 'श्वास घे, श्वास घे' म्हणून तिनं हुकूम सोडायचे नाहीत, तुझ्याबरोबर सूर धरायचा. बाळंतपणात सोबतीला कुणी असू द्यावं, असं केंद्र सरकारनंच 2016मध्ये सरकारी दवाखान्यांना सांगितलं आहे. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा तुझ्या दवाखान्यात कुणाला आत सोडतात, ते स्पष्ट विचारून घे.