परत येणारा डबा

मेसच्या मावशींनी मला जिन्यात अडवलं तेव्हा त्या महिन्याचे पैसे मागताहेत असं समजून मी खिसा चाचपला. त्या म्हणाल्या, "तुझ्या पार्टनरचा डबा आठ दिवस झाले तसाच परत येतोय. भात नुसता चिवडलेला. बरं नाही का पोराला?"

"काही नाही हो मावशी, नाटकं आहेत. सबमिशन आलंय ना," मी म्हणालो आणि वर गेलो.

२०१८ चा पावसाळा होता. पुण्यात एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आम्ही. खोलीत दोन खाटा, मध्ये दोन फुटांची वाट. आदल्याच वर्षी दोघांनी मिळून 'कासव' पाहिला होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालेला, नैराश्यात बुडालेल्या एका तरुणाची गोष्ट सांगणारा. बाहेर पडून चहा पीत मी त्यातल्या समुद्राबद्दल अर्धा तास बोललो होतो. तेव्हा कुणी विचारलं असतं तर नैराश्य म्हणजे काय यावर मी बरा निबंध लिहिला असता.

पण माझ्या डोक्यातला निराश माणूस खिडकीत बसून रडायचा. माझा पार्टनर रडत नव्हता. त्याचं डोकं दुखायचं, पोटात जळजळायचं, अंग जड झालंय म्हणून तो अकरापर्यंत पडून राहायचा. जवळच्या दवाखान्यातून ॲसिडिटीच्या गोळ्या आणल्या, दोनदा. चिडायचाही फार. बादली कुणी हलवली यावरून शेजारच्या खोलीशी भांडला. प्रॅक्टिकलचं जर्नल अर्धवट, गाईडचे फोन उचलत नव्हता, अंघोळीचा पत्ता नाही. या सगळ्याला मी एकच शब्द लावला होता: आळस. आपल्याकडे पुष्कळांचं नैराश्य मनाच्या आधी अंगातून बोलतं, हे मला फार उशिरा कळलं.

आणि मी मदत करत नव्हतो असंही नाही. करत होतो, तेच तर दुखणं आहे. "पॉझिटिव्ह विचार कर", "सिंहगडावर चल, मोकळं वाटेल", "अरे, माझ्या गावची पोरं हमाली करून शिकतात, तुला काय कमी आहे?" हे शेवटचं वाक्य आठवलं की आजही कसंतरी होतं. काही कमी नाही हे त्यालाही ठाऊक होतं. काही कमी नसताना असं का होतंय, याचीच त्याला लाज वाटत होती, आणि मी त्या लाजेत भर घालत होतो.

एका रात्री दिवा मालवल्यावर तो म्हणाला, "मी नसतो तर घरच्यांचा खर्च तरी वाचला असता. कुणाला सांगू नकोस हं, शप्पथ." मी शपथ घेतली. वर विनोद केला, "मग तुझी सायकल मला दे." चार दिवसांनी माझ्या टेबलावर सायकलच्या कुलपाची किल्ली होती.

किल्ली हातात घेतली आणि मावशी आठवल्या. खाली जाऊन सगळं सांगितलं. शपथ तिथेच मोडली. त्या पोळ्या लाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मग इथं काय करतोस? त्याच्याजवळ जाऊन बस."

बसलो. बराच वेळ नुसता बसलो. मग विचारलं, "जीव द्यायचं मनात येतं का तुझ्या?" हे शब्द तोंडातून काढायला मला जेवढे कष्ट पडले, तेवढे कुठल्याही तोंडी परीक्षेत पडले नव्हते. आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात ते भरलं तर? ही भीती जवळपास सगळ्यांना असते, आणि ती खोटी आहे. सरळ विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. उलट एकट्याने वाहिलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. तो म्हणाला, "रोज येतं." मग पहिल्यांदा रडला.

त्या रात्री त्याला एकटं सोडलं नाही. मी आणि शेजारचा, तोच बादलीवाला, आळीपाळीने जागलो. त्याला विचारूनच घरी फोन केला. वडिलांना नको म्हणाला, म्हणून थोरल्या बहिणीला. सकाळी तिघं सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत. पोलिसांचं लचांड लागेल ही धास्ती माझ्या मनात होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. इथे तर प्रयत्नही झाला नव्हता. नुसतं आजारी माणसाला डॉक्टरकडे नेण्यासाठी मी उगाच कायद्याला घाबरत होतो.

तिथून पुढेही मी एक घोळ घातलाच. गोळ्या सुरू होऊन आठ दिवस झाले, फरक दिसेना, मळमळ मात्र होत होती. "नको तर सोडून दे," मी म्हणालो. बहिणीने झापलं म्हणून वाचलो. या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही, आणि मनानेच अचानक बंद केल्या तर त्रास वाढतो. त्रास होत असेल तर डॉक्टरला सांगायचं, रूम पार्टनरला नव्हे.

आता मी स्वतः शिकवतो, म्हणून पोरं मला विचारतात, सर, परीक्षेचं टेन्शन आणि हे, फरक कसा ओळखायचा? मी त्यांना दिवस मोजायला सांगतो. टेन्शन पेपर संपला की उतरतं, मित्राच्या वाढदिवसाला थोडं विसरलं जातं. उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर टिकलं, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर तज्ज्ञाला दाखवायचंच. निदान आपण करायचं नाही. "तुला डिप्रेशन आहे" असं पोरांनी पोरांना सांगत सुटणं हाही एक उच्छादच. जे दिसतं ते बोलावं: "तू जेवत नाहीस, आठ दिवस बघतोय."

आणि "डॉक्टरकडे जा" म्हणू नये, "चल" म्हणावं. केसपेपरची रांग ही निरोगी माणसालाही निराश करणारी गोष्ट आहे. त्या रांगेत उभं राहणं ही माझ्या हातून झालेली सर्वांत उपयोगी मदत. रात्री-अपरात्री काही सुचेना तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आमच्या वेळी तो नव्हता. जिवावरचा प्रसंग दिसत असेल तर ११२, किंवा सरळ जवळचं रुग्णालय. आणि अशा वेळी गुप्ततेची शपथ घ्यायची नाही, घेतली असली तर पाळायची नाही. मित्र महिनाभर रागावेल. रागावू दे.

मावशींचं मला पुढे नवल वाटेनासं झालं. गोव्यात 'संगाथ' संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत बोलायला लावलं, आणि नेहमीच्या उपचारांत ही भर पडल्यावर रुग्णांना जास्त गुण आला. पद्धत अगदी साधी: मन लागेल तेव्हा करू असं न म्हणता, आधी छोटंसं काहीतरी करायचं, मन मागून येतं. आम्हीही नकळत तेच केलं. सिंहगड रद्द केला. रोज खाली उतरून स्वतःचा डबा स्वतः आणायचा, एवढंच ठरवलं. कधी तेही व्हायचं नाही.

त्याचं एक वर्ष गेलं. सायकल मी परत केली. पदवी माझ्या मागून एका वर्षाने घेतली, आता नाशिककडे नोकरी करतो.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. हवापाणी झालं, पगार झाला, मग जरा थांबून म्हणाला, "डबा परत जायला लागलाय रे. दोन आठवडे झाले."

"अपॉइंटमेंट?"

"घेतली. शनिवारी अकराची."

"येऊ?"

"ये."