मोजणारे पान

'प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज' हा व्हिडिओ गेम २००९ साली आला. त्यात घरावर चालून येणाऱ्या झॉम्बींना, म्हणजे चालत्या-फिरत्या प्रेतांना, अंगणातील झाडे अडवतात. एक झाड तर जबडा उघडून त्यांना गिळते. त्या जबड्याला सृष्टीत आधार आहे. अमेरिकेतील उत्तर व दक्षिण कॅरोलिना राज्यांच्या दलदलीत 'व्हीनस फ्लायट्रॅप' ही कीटकभक्षी वनस्पती उगवते. तिच्या पानाच्या दोन्ही पाळ्यांवर संवेदनशील केस असतात. एका स्पर्शाने पान मिटत नाही. तो पावसाचा थेंबही असू शकतो! सुमारे २० सेकंदांत दुसरा स्पर्श झाला, की विद्युत्संदेश पसरून पान क्षणार्धात मिटते. मेंदूवाचून चाललेली ही मोजणी विलक्षणच. आत अडकलेला कीटक सुटकेसाठी धडपडतो, केसांना वारंवार धक्के बसतात आणि त्या धडपडीमुळेच पाचकरस स्रवू लागतो.