फवारणी पंपाची रबरी नळी

फवारणीआधी पंपाची रबरी नळी वाकवून पाहा. वाकावर आडव्या बारीक भेगा दिसल्या, तर ती लगेच बदला. फवारताना नळी फुटली की विषारी औषध थेट अंगावर येते.

या भेगा का पडतात? ऊन आणि हवेतला प्राणवायू यांनी रबर कडक होते. उष्णता वाढली की ते लवकर होते. हवेत ओझोन वायू अगदी थोडा असतो, पण ताणलेल्या रबराला तोच चिरतो. म्हणून खिळ्याला घट्ट वाकवून टांगलेली नळी आधी जाते.

हवामानाप्रमाणे झीजही निराळी. घाटावर कोरडे, कडक ऊन रबर ठिसूळ करते. गोव्याकडे पावसाचे पाणी रबरात मिसळलेली संरक्षक द्रव्ये हळूहळू धुऊन नेते. अमेरिकेतही अशा वस्तूंची कसोटी याच कारणाने कोरड्या ॲरिझोनात आणि दमट फ्लोरिडात, दोन्हीकडे घेतात.

तेव्हा आपण एवढे करू या: काम संपताच नळी आतून-बाहेरून धुवावी, सावलीत सैल वेटोळे करून ठेवावी, तेल-रॉकेल लागू देऊ नये. आणि फुटक्या नळीला चिंधी बांधून फवारणी मुळीच करू नये.