क्रमांकाऐवजी नाव : पीएचपीमध्ये डेटाबेसची नोंद वस्तुरूपाने कशी वाचावी?



कल्याणहून कर्जतकडे निघाल्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके क्रमाने लागतात. नवख्या पाहुण्यास ‘चौथ्या स्थानकावर उतरा’ असे कळविले, तर तो आज बदलापुरास उतरेल. परंतु अंबरनाथ व बदलापूर यांच्या दरम्यानचे नियोजित चिखलोली स्थानक सुरू झाल्यावर हाच निरोप त्याला चिखलोलीस उतरवील. ‘बदलापूरला उतरा’ हा निरोप मात्र तेव्हाही खराच राहील. डेटाबेसमधील नोंद वाचतानाही हाच विवेक बाळगावा लागतो.

पीएचपीमधून मायएसक्यूएलला प्रश्न विचारला असता उत्तर ओळींच्या रूपाने मिळते. ‘फेच_रो’ ही ओळ क्रमांकित यादी म्हणून देते व तिची मोजणी शून्यापासून होते. ‘फेच_ऑब्जेक्ट’ तीच ओळ वस्तुरूपाने, म्हणजे ऑब्जेक्ट म्हणून देते. स्तंभाचे नाव हाच तिचा गुणधर्म होतो. मग ‘क्रमांक एक’ न मागता आपण $ओळ->वडिलांचे_नाव असे लिहितो.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला. जुन्या तक्त्यात नावानंतर लगेच वडिलांचे नाव होते. मध्ये आईचा स्तंभ घातला आणि सर्व स्तंभ एकदम मागविले, तर ‘क्रमांक एक’ या जागी आता आईचे नाव येईल. प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता शिष्यवृत्तीच्या अर्जावर ते वडिलांच्या रकान्यात छापील. वस्तुरूपाने वाचल्यास हा घोटाळा होत नाही. एडगर कॉड यांनी १९७० मध्येच सुचविले होते, की वापरकर्त्याने स्तंभांचा क्रम लक्षात ठेवण्याऐवजी त्यांच्या नावांनी व्यवहार करावा.

तथापि तीन दक्षता आवश्यक आहेत. दोन तक्ते जोडताना दोन्हींत ‘नाव’ हा स्तंभ असेल, तर नंतरचा आधीच्यास झाकून टाकतो. म्हणून ‘अ‍ॅज’ वापरून वेगळे नाव द्यावे. गुणधर्माचे नाव चुकीचे लिहिल्यास मूल्य रिकामे येते व इशारा मिळतो. तो दुर्लक्षू नये. ओळी संपल्यावर ‘फेच_ऑब्जेक्ट’ ‘नल’ देते. त्यामुळे ‘व्हाइल’ची फेरी आपोआप थांबते.

आपल्या वसतिगृहाची नोंदवही संगणकावर आणताना हा पाठ स्मरणात ठेवावा. तिच्या प्रत्येक ओळीत एका मुलाची ओळख असते, आणि ती चुकली तर त्याचा अर्ज अडतो.