पहिला कॅमेरा घेताना

दिवाळीनंतर आमच्या सडक अर्जुनी परिसरात गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते. ते टिपावे या हौसेने मी डिजिटल एसएलआर कॅमेरा घेतला. जास्त मेगापिक्सेलच्या मोहाने सारे पैसे कॅमेऱ्यातच घातले. सोबत आले १८-५५ मिमी.चे साधे भिंग. नटांचे चेहरे पुसटच आले.

कारण सोपे आहे. हे भिंग ५५ मिमी.वर असता त्याचे छिद्र एफ ५.६ हून मोठे होत नाही. ५० मिमी. एफ १.८ चे भिंग त्याच्या नऊपटीहून अधिक प्रकाश आत घेते. जेथे १/१५ सेकंद लागे, तेथे १/१२५ पुरते.

हे भिंग जुने घेताना मात्र जपावे. निकॉनच्या डी ३५०० व डी ५६०० मध्ये फोकसची मोटार नाही; त्यांवर ५० मिमी. एफ १.८ डी हे भिंग हातानेच फिरवावे लागते. भिंग उजेडासमोर धरून आत बुरशी नाही ना, तेही पाहावे. नवेगावबांधचे पक्षी टिपायचे असतील, तर ५५-२५० मिमी.चे भिंग बरे; दिवसा एफ ५.६ चालते.

तात्पर्य, आधी विषय ठरवावा, मग भिंग, आणि उरल्या पैशांत कॅमेरा. तो जुना असला तरी चालेल. मी उलट चाललो. त्या रात्री राजा झालेले आमच्या गावचे वृद्ध नट पुढच्या मंडईला नव्हते. त्यांचे पुसट छायाचित्र तेवढे माझ्यापाशी आहे.