दौऱ्याला निघालेल्या भाचीस

पेठ, ता. आंबेगाव, जि. पुणे
घटस्थापनेचा दुसरा दिवस

चि. सोनू हिस,


दिवाळीनंतर तुमच्या कॉलेजचा व्हॉलीबॉलचा संघ श्रीलंकेला निघतोय आणि त्यात बचावाला लिबेरो म्हणून तुझं नाव आहे, हे दादाने सांगितलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तू पाठवलेला कार्यक्रमाचा कागद मी नीट वाचला. सामने कोलंबोला आणि कँडीला, मधल्या दिवसांत दंबुल्ला, सिगिरिया आणि शेवटी गॉलचा किल्ला. वहिनीने तो पाहून विचारलं, "ह्या पोरी खेळायला चालल्यात की फिरायला?" प्रश्न रास्त आहे. दोन्हीला चाललाय, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण दोन्ही गोष्टी सारख्याच मन लावून करायच्या असतात, म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि निम्मं विसरतेस.

पहिल्यांदा पैशांचं बोलते. तुझ्या वाट्याचा खर्च कसा उभा राहिला हे तुला माहीत आहे. आपल्या सातगाव पठारावरचा बटाटा पावसाच्या भरवशावरचा, त्यातून दादाने रक्कम बाजूला काढली. उरलेली गावच्या मंडळाने आणि माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी घातली. ह्याचं ओझं वाटून घेऊ नकोस, पण विसरूही नकोस. खाशाबा जाधवांची गोष्ट मी वर्गात सांगायचे ती तुला आठवत असेल. 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मला मिरवणुकीपेक्षा त्यानंतरचं मोठं वाटतं. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. तुझ्याकडून पदकाची अपेक्षा कुणी करत नाही. गावाचं देणं तू कसं फेडायचंस ते शेवटी सांगते.

हेलसिंकीचीच दुसरी बाजू तुझ्या जास्त कामाची. जपानच्या इशीबरोबरची कुस्ती लांबली, खाशाबा दमलेले, आणि त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या ममादबेयोव्हसमोर उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायचा नियम होता. पण दाद मागायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे नव्हता. ते लढले आणि हरले. म्हणून सांगते, सामन्याच्या दिवशी संघातल्या कुणीही, राखीव मुलींनी नाही आणि सरांनीही नाही, "जरा बाजार बघून येतो" म्हणून मैदान सोडायचं नाही. आणि नियम प्रत्येकीला स्वतःला पाठ पाहिजेत. पंचांना विचारायचा अधिकार कर्णधारालाच असतो, पण काय विचारायचं हे तिच्या कानात सांगणारी तू हवीस.

तुझ्यापुरतं एक उदाहरण देते. आपल्याकडच्या गावच्या स्पर्धांत ही चूक बरेचदा कुणी धरत नाही, बाहेर धरतील. लिबेरोने तीन मीटरच्या रेघेच्या पुढे उभं राहून बोटांनी चेंडू वर दिला, आणि जोडीदारणीने तो नेटच्या वरच्या कडेपेक्षा उंच असताना मारला, की गुण समोरच्यांना. तुला सवय आहे पहिला पास विस्कटला की धावत पुढे जाऊन बोटांनी चेंडू उचलायची. दिसायला सुंदर दिसतं. पण तिथे पुढच्या पट्ट्यात गेलीस तर मनगटांवरच घे, किंवा रेघेच्या मागून उडी मारून दे. रेघेवर पाय पडला तरी तो पुढचा पट्टाच धरतात. आजपासून रोज सरावात ह्याच एका चेंडूचा घोटून अभ्यास कर.

दुसरं हवेचं. पठारावरची आपली हवा कोरडी. कोलंबोला ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत जास्त पाऊस असतो, आणि बंदिस्त हॉलमध्ये दहा मिनिटांत घाम कोपरापर्यंत येतो. ओल्या हातावर चेंडू सरकतो, फ्लोट सर्व्हिस नको तिकडे जाते. दोन छोटे टॉवेल जवळ ठेव, प्रत्येक टाइमआउटला हात कोपरापर्यंत पूस. तू मातीवर वाढलेली, पडताना घसरत जायची तुझी पद्धत. लाकडी किंवा सिंथेटिक फरशीवर घाम सांडला की पाय जागीच निसटतो, आणि कोरड्या जागी तोच पाय अडकून गुडघा पिळवटतो. नी-पॅड नवे घे, पण आताच घे आणि वापरून मऊ कर. यजमान कुठल्या चेंडूने खेळणार हे सरांकडून विचारून ठेवा आणि निदान शेवटचे पंधरा दिवस त्याच चेंडूवर सराव करा. मीठ-साखरेची पाकिटं सोबत असू देत. पाळीची तारीख दौऱ्यात येत असेल तर लागेल तेवढं सामान इथूनच ने, आणि पोट दुखत असेल तर लाजून गप्प बसू नकोस, मॅडमना सांग.

समोर कोण आहे हेही ओळखून जा. व्हॉलीबॉल 1895 साली अमेरिकेत विल्यम मॉर्गन यांनी काढला आणि वायएमसीएच्या लोकांनी तो जगभर नेला. 1916 साली कोलंबोच्या वायएमसीएतून तो श्रीलंकेत रुजला आणि 1991 पासून तो त्यांचा राष्ट्रीय खेळ आहे. क्रिकेट नव्हे, व्हॉलीबॉल! आपल्याकडे जत्रेच्या रात्री बल्बच्या उजेडात शूटिंग बॉलच्या स्पर्धेला जशी गर्दी लोटते, तसा तो तिथल्या खेड्यापाड्यांतला घरचा खेळ आहे. तेव्हा "छोटा देश" असा शब्दही मनात आणू नका. त्या मुली तुम्हाला हरवण्याची शक्यता मोठी आहे. हरलात तर त्यांचा बचाव कसा उभा राहतो, ब्लॉकच्या मागे कोण कुठे थांबतं, हे त्याच रात्री वहीत काढून ठेव. मोबाइलवरच्या चित्रफितीत चेंडू दिसतो, चेंडू नसलेल्या मुली काय करतात ते दिसत नाही. तुला बाकावर बसवलं तर हे काम आणखी चांगलं होईल, आणि तुझा चेहरा पडलेला मात्र कुणाला दिसता कामा नये.

आता फिरण्याचं. कागदावर सिगिरिया सामन्याच्या आदल्या दिवशी लिहिलंय, ते सरांना सांगून बदलून घ्या. त्या खडकाला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. लेण्याद्रीच्या चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी तुझ्या पोटऱ्या कशा धरतात, ते आठव, आणि त्या तर तीनशेच्या घरात. सामने उरकून जा आणि मग मनसोक्त बघा. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्या खडकावर राजवाडा बांधला. कड्याच्या पोटात रंगवलेल्या स्त्रियांची चित्रं आहेत, त्यांचे फोटो काढायला बंदी आहे. ती बंदी पाळ आणि डोळ्यांनीच पाहा.

पण त्याआधी एक कर. दिवाळीच्या सुट्टीत जुन्नरला जाऊन ये. हसू नकोस. लेण्याद्रीला तू गिरिजात्मजाच्या दर्शनाला कितीदा गेलीस, पण गणपती ज्या दालनात आहे ते मुळात बौद्ध भिक्षूंचं विहार आहे, आणि शेजारीच त्यांचं चैत्यगृह आहे, हे कधी थांबून पाहिलंस? जुन्नरच्या भोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत. तुळजा लेणी, मानमोडी, शिवनेरीच्या कड्यातली. नाणेघाटातून व्यापारी चढून यायचे, आणि ज्यांनी ह्या लेण्यांना दान दिलं त्यांत यवन, म्हणजे ग्रीक माणसंही होती. त्यांची नावं ब्राह्मी अक्षरांत अजून दगडावर आहेत. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला धरतात. दंबुल्लाच्या ज्या गुहा तू पाहणार आहेस, त्या वलगम्बा राजाने देवळासाठी दिल्या तो काळही साधारण तोच. लंकेतल्या जुन्या गुहांवरचे लेखही ब्राह्मीतच आहेत. आपल्या घरापासून तासाभरावरचं तू नीट पाहून गेलीस, तर दंबुल्लाच्या गुहेत तुला परकं वाटणार नाही. यजमान मुलींनी विचारलं, "तुमच्याकडे असं काही आहे का?", तर तुझ्याकडे उत्तर असेल. पेठेच्या पोरीला जुन्नर सांगता येऊ नये, हे मला सहन होणार नाही.

तिथल्या देवळांत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला आणि टोप्या बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढून घेणं तिथे मूर्तीचा अपमान समजतात. तुमच्यातली कुणी सेल्फी घ्यायला वळली तर तिचा हात धरून थांबव. कँडीच्या दळदा मालिगावात, जिथे बुद्धाचा दात जपलाय, दाराशी झडती घेतात. 1998 साली तिथे बॉम्बस्फोट झाला होता, म्हणून त्याला कुरकुर करायची नाही. पौर्णिमेला श्रीलंकेत सुट्टी असते, लोक पांढरे कपडे घालून देवळात जातात. दौऱ्यात पौर्णिमा आली तर बाजार बंद म्हणून हिरमुसू नका, त्या दिवशी देवळातली माणसं पाहा.

ह्यातूनच एक नाजूक गोष्ट सांगायची राहते. त्या देशात 1983 पासून 2009 पर्यंत सिंहली बहुमताचं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात यादवी युद्ध झालं. समोरच्या संघात दोन्हीकडच्या मुली असतील, कुणाच्या घरातलं माणूस गेलेलं असेल. त्यावर मत देऊ नकोस, कुणाची बाजू घेऊ नकोस. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐक. 2022 साली तिथे पेट्रोलला आणि गॅसला रांगा लागल्या होत्या, घरोघरी हाल झाले. आता सावरलेत, तरी तुम्हाला जेवायला बोलावतील तेव्हा ते त्यांच्या ऐपतीपेक्षा जास्त करतील हे लक्षात ठेव. पानात टाकू नकोस. जाताना घरची चिक्की आणि शेंगदाण्याची चटणी ने, ती त्यांना दे.

जेवणावरून आठवलं. वहिनीच्या माहेरची तुळशीची माळ तुझ्या गळ्यात आहे, मासे-मटण चालत नाही, म्हणून सांगते. खोबऱ्याचं पोळ संबोल दिसायला आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखं, पण त्यात बहुतेकदा उंबलकड म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. आधी विचार, मग घे. इडिअप्पा आणि नारळाच्या दुधातला किरिभात तू पोटभर खाशील. नाही म्हणायचं असेल तर हात जोडून आणि हसून म्हण, तोंड वाकडं करून नाही.

संध्याकाळी तुम्हाला काहीतरी करून दाखवा म्हणतील. सिनेमातला नाच नको. 1936 साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनच्या ऑलिंपिकला गेलं, तेव्हा त्या मुलांनी परक्या लोकांसमोर आपली कबड्डी खेळून दाखवली. तुम्ही लेझीम दाखवा. तुमच्यातल्या निम्म्या मुलींनी शाळेत लेझीम धरलेलं आहे, आठवडाभर घोटलंत तर हात बसेल. जमलं तर एक डाव शूटिंग बॉलचाही मांडा, त्यांच्या मुलींना दोन्हीकडे वाटून घेऊन. खेळाने ओळख जितकी लवकर होते तितकी बसच्या खिडकीतून होत नाही, आणि तुम्ही तिथे खेळाडू म्हणून चाललात, हा तुमचा फायदा आहे. सहलीला आलेल्या माणसाला गाइड भेटतो, तुम्हाला तुमच्याच वयाच्या, नेटच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुली भेटणार आहेत. त्यांच्या घरी कोण काय करतं, सरावाला त्या किती लांबून येतात, लग्नानंतर खेळू देतात का, हे विचार. गॉलचा किल्ला दोन तासांत पाहून होतो, त्यांचं हे जगणं मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

पासपोर्टची आणि प्रवासाच्या परवानगीची झेरॉक्स दादाकडे ठेव. तिथलं घड्याळ आपल्याबरोबरच चालतं, तेव्हा "वेळेचा घोळ झाला" ही सबब फोन न करायला चालणार नाही. तिथला रुपया आपल्या रुपयापेक्षा खूपच हलका, आकडे पाहून दचकू नकोस आणि उधळूही नकोस. माझ्यासाठी साडी-बिडी काही आणायची नाही.

गावाचं देणं म्हणाले होते ते हे. शाळेच्या मैदानावर सातवी-आठवीच्या चौदा मुली सध्या माझ्याकडे येतात. त्यांच्यातल्या तिघी तुझ्याइतक्याच बुटक्या आहेत, आणि उंची नाही म्हणून खेळ सोडायच्या बेतात आहेत. लंकेच्या मुली बचावाचा सराव कसा करतात, रोज किती वेळ, कोण फेकतं, कोण उचलतं, ते सगळं वहीत उतरवून आण, आणि परत आल्यावर चार रविवार सकाळी सात वाजता मैदानावर ये. तू येणार असं मी त्यांना सांगून ठेवलंय.

तुझी,
आत्या